यंत्रमागाच्या पत्र्यावर सौर: सोलापुरातल्या धोरण-अभ्यासाच्या नोंदी

सोलापुरातल्या छोट्या टॉवेल-चादर कारखान्यांना छतावरचं सौर का परवडत नाही, आणि कोणता नियम किंवा कोणती सवलत बदलली तर परवडेल, याचा अभ्यास करताना ठेवलेल्या या नोंदी. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, विटा इथे कुणी हेच काम हाती घेणार असेल तर त्यांच्यासाठी. सिद्धांत वगळला आहे. कुठे अडतं आणि अडलेलं कसं सुटतं, तेवढंच लिहिलं आहे.

२ जून – प्रश्न बदलला

‘शहरातल्या कारखान्यांच्या छतांवर किती मेगावॉट बसेल?’ हा पहिला प्रश्न होता. तो सोडून दिला. उपग्रह-चित्रावरून छतं मोजून मोठा आकडा काढता येतो, पण त्या आकड्यावर कुठल्याच टेबलावर सही होत नाही. धोरणाचा अभ्यास करायचा तर आधी कोण काय बदलू शकतं ते लिहून काढावं.

आमच्या यादीत तीन ठिकाणं आली. वीजदर आणि नेट मीटरिंग (छतावरून ग्रिडला दिलेली सौर वीज बिलातल्या युनिटांतून वजा होणं) राज्य विद्युत नियामक आयोगाच्या हातात. यंत्रमागाची वीज सवलत राज्य सरकारच्या हातात. कर्ज बँकेच्या हातात. वीज कायदा २००३ चं कलम ६२(३) आयोगाला भार, वेळ, वापराचा हेतू अशा कारणांवरून वेगळा दर ठेवू देतं. कलम ६५ म्हणतं की सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ भरावी. हे ६५ कलम पुढे सगळ्या हिशेबाच्या मुळाशी आलं.

नवा प्रश्न असा: यंत्रमागाला युनिटमागे मिळणारी सवलत सौर किती लांबणीवर टाकते, आणि तोच पैसा सुरुवातीलाच भांडवल म्हणून दिला तर काय बदलतं?

सोलापूरचं नाव विजेच्या नकाशावर आधीच मोठं आहे. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे, आणि २०१३ च्या अखेरीस सुरू झालेल्या सोलापूर–रायचूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं. या अभ्यासात मात्र त्याचा उपयोग नाही. इथला प्रश्न साखर पेठेतल्या आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मीटरचा आहे.

९ जून – बिलं

‘महिन्याला बिल किती येतं?’ असं विचारू नका. उत्तर गोल आकड्यात येतं आणि त्यात थकबाकी, मागची दुरुस्ती, व्याज सगळं मिसळलेलं असतं. पहिल्या फेरीतली अशी सगळी माहिती बाजूला ठेवावी लागली.

हे घ्या: बारा महिन्यांची बिलं, दोन्ही बाजूंचे फोटो. बिलातून वेगळे काढायचे रकाने म्हणजे मंजूर भार (जोडणीला मान्य केलेले कमाल किलोवॉट), युनिट, स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, आणि सरकारी सवलत. ग्राहक क्रमांक आणि नाव तक्त्यात उतरवू नका, त्याऐवजी आपला संकेतांक द्या. आपली वीज किती चालते हे शेजारच्याला कळू नये, असं इथल्या मालकांना मनापासून वाटतं, आणि ते बरोबर आहे. उत्पादनाचा अंदाज त्यावरून सहज बांधता येतो.

एक गोष्ट बिलं पसरल्यावरच दिसली. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने यंत्रमागाला अतिरिक्त सवलत जाहीर केली: २७ अश्वशक्तीपर्यंत युनिटमागे १ रुपया, त्यावर २०१ अश्वशक्तीपर्यंत ७५ पैसे. २७ अश्वशक्ती म्हणजे २७ × ०.७४६ = २०.१४ किलोवॉट. लघुदाब यंत्रमागाच्या दरातली पायरीही २० किलोवॉटवरच आहे. दोन्ही रेषा एकाच जागी पडल्या आहेत. वाढणारा कारखाना या रेषेच्या आत राहायचा प्रयत्न करतो आणि भार वाढवून घेत नाही. सौरसंचाची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणजे रेषेच्या आत राहणाऱ्याचं सौरही तिथेच थांबतं.

२० जून – प्रश्नावली

मराठीतली छापील प्रश्नावली शहराच्या पूर्व भागात अर्धवट भरून परत येते. बरेच मालक आणि कामगार घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड. मोठं भाषांतर करत बसू नका. तेलुगू बोलणारा एक सहकारी सोबत घ्या, प्रश्न तोंडी विचारा आणि मराठीत लिहा.

बदललेले प्रश्न:

‘किती पाळ्या चालतात?’ ऐवजी ‘रात्री दहाला किती माग चालू असतात, आणि शेवटचा किती वाजता बंद होतो?’ पाळी कागदावर एक असते, मागणी आली की दुसरी होते.

‘जागा स्वतःची आहे का?’ ऐवजी तीन वेगळे प्रश्न: बिल कुणाच्या नावावर, छत कुणाचं, बिल भरतं कोण. मजुरीवर विणणाऱ्याकडे शेड भाड्याची असते. भावाभावांत खाली माग, वर घर आणि छत सामाईक असतं. बिलावर वारलेल्या वडिलांचं नाव असतं. नेट मीटरिंगचा अर्ज बिलावरच्या नावानेच होतो, म्हणून अनेकांची पहिली पायरी सौरची नसून नाव बदलण्याची आहे. वारसाची कागदपत्रं आणि बाकीच्या वारसांची संमती जुळवेपर्यंत महिने जातात. हा अडथळा कुठल्याही मेगावॉटच्या अहवालात दिसत नाही.

१ जुलै – भार मोजणी

मोटारीच्या पाटीवरची अश्वशक्ती बेरजेला घेतली तर वापर फुगतो. माग पूर्ण भारावर चालत नाही. धागा तुटला, कांडी (आडव्या धाग्याची) बदलली, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपला की थांबतो. साध्या क्लॅम्प मीटरने अँपिअर मिळतात, पण मोटारीचा पॉवर फॅक्टर (ओढलेल्या एकूण विजेपैकी प्रत्यक्ष कामाला लागणारा हिस्सा) कमी असल्यामुळे अँपिअरवरून काढलेले किलोवॉट चुकतात. पहिली सगळी मोजणी याच कारणाने पुन्हा घ्यावी लागली. किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर दोन्ही दाखवणारा क्लॅम्प भाड्याने घ्या. त्याहून चांगलं म्हणजे मीटरमध्ये साठलेला भाराचा तपशील ग्राहकाच्या अर्जावर उतरवून घ्या. त्यात दिवसाचे तासही दिसतात.

कांडी भरणं, वार्पिंग (बीमवर उभा धागा गुंडाळणं), टॉवेलची शिलाई आणि दिवे-पंखे वेगळे मोजा. ही कामं दिवसा हलवता येतात, माग सगळे हलवता येत नाहीत. डाईंगची (सूत रंगवण्याची) वाफ या अभ्यासात घेतलेली नाही. तिथे उष्णता लागते, ती लाकूड-कोळशावर चालते, आणि छतावरच्या विजेने तो प्रश्न सुटत नाही. त्याचा हिशेब स्वतंत्र करावा लागेल.

प्रत्येक भेटीत एक गैरसमज दूर करावा लागतो. ‘लाइट गेली की सौरवर माग चालतील ना?’ नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतः बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आहे. हे आधीच सांगा. नाहीतर संच बसल्यावर फसवल्याची भावना येते आणि ती गल्लीभर पसरते.

१४ जुलै – केव्हीएएचचा फटका

ज्यांचं बिल केव्हीएएचवर आहे, म्हणजे नुसत्या कामाला लागलेल्या विजेवर नाही तर ग्रिडवरून ओढलेल्या एकूण विजेवर (केव्हीए) आहे, त्यांच्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची नोंद.

समजा भार २० किलोवॉट आणि १५ केव्हीएआर (काम न करणारा, मोटारीच्या चुंबकत्वासाठी लागणारा भाग). ग्रिडवरून २५ केव्हीए येतात, पॉवर फॅक्टर ०.८. दुपारी सौर १२ किलोवॉट देतं. आता ग्रिडवरून ८ किलोवॉट येतात, पण केव्हीएआर १५ च राहतात. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं तर १७ केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.४७ वर आला. सौरने १२ किलोवॉट दिले, बिलातले कमी झाले फक्त ८ केव्हीए. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये बचत १२ वर धरलेली असते.

उपाय स्वस्त आहे. कायम जोडलेल्या कपॅसिटरऐवजी (हे केव्हीएआर जागेवरच पुरवतात) गरजेप्रमाणे पायऱ्या चालू-बंद करणारं स्वयंचलित पॅनेल लावा, आणि त्याचा सीटी (प्रवाह मोजणारं कडं) सौर जिथे जोडला आहे त्याच्या ग्रिडकडच्या बाजूला बसवा. सीटी मागाच्या बाजूला राहिला तर पॅनेलला ग्रिडचा खरा पॉवर फॅक्टर दिसतच नाही. अनेक इन्व्हर्टर स्वतःही थोडे केव्हीएआर देऊ शकतात, तेवढी सेटिंग करून घ्यावी लागते.

धोरणाच्या दृष्टीने यातून निघालं ते असं: यंत्रमागाच्या सौरला अनुदान द्यायचं असेल तर कपॅसिटर पॅनेल त्याच प्रस्तावात खर्चाच्या यादीत असलं पाहिजे.

२८ जुलै – छत

ढोबळ हिशेब असा की १ किलोवॉटला १० चौरस मीटर लागतात. पण छत आहे म्हणजे जागा आहे असं नाही. जुन्या शेडवरचा सिमेंट पत्रा ठिसूळ असतो. त्यावर माणूस चढवू नये, भोक पाडू नये. तिथे खांबांवर स्वतंत्र लोखंडी सांगाडा लागतो आणि खर्च वाढतो. पाहणीचा रकाना ‘छताचं क्षेत्रफळ’ असा ठेवला होता. तो चार रकान्यांत फोडला: पत्र्याचा प्रकार, कैच्यांचं (पत्रा पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यांचं) अंतर आणि गंज, सावली, चढायची वाट.

एक्झॉस्टजवळ सुताची रुई पॅनेलवर बसते, पावसाळ्यात ती चिकटते. बोअरच्या कठीण पाण्याने धुतलं की पांढरे डाग राहतात. मऊ पाणी वापरा किंवा पहाटे धुऊन लगेच पुसा. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर पॅनेलचं तापमान ६५ अंशांपर्यंत जाऊ शकतं. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट धरली तर १४ टक्के उत्पादन तिथेच जातं. पत्रा आणि पॅनेल यांमध्ये वारा खेळायला जागा सोडा.

११ ऑगस्ट – नोंद वगळली

नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या सुमारास पूर्व भागातले माग बंद असतात. त्या दिवसांचा भार सरासरीत घेऊ नये. जानेवारीत काम करणाऱ्यांनी गड्ड्याच्या यात्रेचे दिवसही वगळावेत.

१८ ऑगस्ट – माहिती अधिकार

एका रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) किती सौर जोडता येईल याला नियमावलीत मर्यादा आहे, म्हणून रोहित्रांची क्षमता आणि त्यावर आधीच जोडलेलं सौर ही माहिती हवी होती. १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘शहरातल्या सर्व रोहित्रांची माहिती द्या’ असा अर्ज केला, उत्तर आलं की माहिती विस्तृत आहे. महिना गेला.

दुसरा अर्ज असा लिहिला: फिडरचं (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीचं) नाव, कालावधी, आणि ‘आपल्याकडे ज्या नोंदवहीत आहे त्याच स्वरूपात’. सोबत कलम २(ञ) प्रमाणे नोंदी प्रत्यक्ष पाहण्याची मागणी. तक्ता नव्याने बनवून मागू नका, कायदा असलेली माहिती देतो, नवी तयार करून देत नाही. अर्जात ‘का’ विचारू नका. ‘किती’ आणि ‘कोणत्या तारखेला’ एवढंच विचारा.

५ सप्टेंबर – मुख्य हिशेब

नमुन्यादाखल १२ मागांचा कारखाना. प्रत्येक मागाची सरासरी खेच ०.६ किलोवॉट, रोज १० तास, महिन्याला २६ दिवस: १,८७२ युनिट. मंजूर भार १० किलोवॉटच्या थोडा वर, म्हणून १० किलोवॉटचा संच. किलोवॉटमागे वर्षाला १,४०० युनिट धरले तर १४,००० युनिट. खर्च किलोवॉटमागे ५०,००० रुपये गृहीत धरला, म्हणजे ५ लाख. हे सगळे आकडे गृहीतकं आहेत. आपल्या गावचं कोटेशन आणि आपलं बिल घालून पुन्हा करा.

सौरचं एक युनिट ५ रुपये वाचवत असेल तर वर्षाला ७०,००० रुपये, परतफेड सुमारे ७ वर्षांत. तेच युनिट ८ रुपये वाचवत असेल तर १,१२,००० रुपये, साडेचार वर्षांत. सगळा खेळ या एका आकड्याचा आहे आणि तो इथेच चुकतो. एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागू नका. स्थिर आकार सौरने वाचत नाही. फक्त युनिटवर बसणारे आकार घ्या, त्यातून सवलत वजा करा.

आता सवलतीची दुसरी बाजू. हा ग्राहक सौरमुळे १४,००० युनिट ग्रिडवरून कमी घेतो. १ रुपयाची अतिरिक्त सवलतच फक्त धरली तरी कलम ६५ प्रमाणे वितरण कंपनीला भरायचे सरकारचे वर्षाला १४,००० रुपये वाचतात. दहा वर्षांची ही बचत ९ टक्के व्याजाने आजच्या किमतीत आणली तर सुमारे ८९,८५० रुपये. ५ लाखांच्या संचाच्या जवळजवळ १८ टक्के. यात आधीपासूनची मूळ सवलत धरलेली नाही, ती मिळवली तर रक्कम वाढते.

म्हणजे सरकारने हे १८ टक्के सुरुवातीला भांडवल म्हणून दिले तर तिजोरीवर जास्तीचा बोजा येत नाही. जो पैसा दहा वर्षांत वितरण कंपनीकडे जायचाच होता तो आज पत्र्यावर चढतो. आणि ५ रुपये बचतीच्या ग्राहकाची परतफेड ७ वर्षांवरून ६ च्या आत येते. सरकारकडे पाठवायच्या आमच्या टिपणाची मागणी हीच आहे. विणकराची सवलत काढून घ्या असं आम्ही म्हणत नाही. ग्रिडवरून घेतलेल्या उरलेल्या युनिटांवर ती तशीच राहावी. हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. सवलतीचं नाव काढलं की ती जाणार अशी भीती पसरते, आणि एकदा ती पसरली की पुढचं कुणी ऐकत नाही.

१६ सप्टेंबर – वेळेनुसार दर

केंद्राच्या २०२३ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने १० किलोवॉटपेक्षा जास्त मागणीच्या उद्योगांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर लागू करायला सांगितलं. सूर्याच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी, गर्दीच्या तासांत उद्योगांना किमान १.२ पट. यंत्रमागासाठी याचे दोन अर्थ होतात. दुपारची वीज स्वस्त झाली की छतावरच्या युनिटची किंमतही तेवढी उतरते. संध्याकाळनंतरचे माग महाग होतात.

म्हणून आधीच्या तक्त्यातला एकच दर काढून तीन वेळांचे तीन दर घातले, आणि नेट मीटरिंगची वजावट वेळेच्या खान्यानुसार केली. दिवसपाळीच्या कारखान्याला फरक कमी पडला. रात्रीही चालणाऱ्याला सौरपेक्षा कांडी-वार्पिंग दिवसा हलवण्याचा फायदा आधी दिसला, तोही बिनभांडवली. टिपणात तो पहिला सल्ला म्हणून गेला.

२४ सप्टेंबर – आधीच्या योजना

पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये मिळतात, पण फक्त घरगुती जोडणीला. खाली माग, वर घर आणि एकच यंत्रमाग जोडणी असलेलं कुटुंब त्यात बसत नाही. केंद्राच्या २०१७ च्या पॉवरटेक्स इंडियात ८ मागांपर्यंतच्या कारखान्याला सौरसाठी सर्वसाधारण गटात ५० टक्के, अनुसूचित जातींना ७५ आणि जमातींना ९० टक्के साहाय्य होतं. ती योजना संपली. तिचा उल्लेख टिपणात जरूर करा, कारण आधी मान्य झालेल्या तत्त्वावरची मागणी फाइलवर सोपी जाते.

सामाईक आणि भाड्याच्या छतांसाठी दिल्लीच्या आयोगाची २०१९ ची सामूहिक आणि आभासी नेट मीटरिंगची मार्गदर्शक तत्त्वं जोडली. एका छतावरचं सौर अनेक मीटरच्या बिलांत वाटता येतं, हे तिथे मान्य झालेलं आहे.

३० सप्टेंबर – समोरची बाजू

वितरण कंपनीचा आक्षेप ठरलेला असतो: दिवसा युनिट कमी घेणारा ग्राहक संध्याकाळी तारा आणि रोहित्र तेवढंच वापरतो, त्याचा स्थिर खर्च दुसऱ्यांवर पडतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. आम्ही दोन गोष्टी मांडल्या. पहिली, यंत्रमाग हा सवलतीचा ग्राहक आहे, दुसऱ्यांचा भार उचलणारा मोठा उद्योग नाही, त्यामुळे त्याचं युनिट कमी झाल्याने बसणारा फटका मोठ्या औद्योगिक ग्राहकाच्या मानाने कमी. दुसरी, मागाशेजारीच तयार झालेलं आणि तिथेच वापरलेलं युनिट लांबून आणलेल्या युनिटाइतकी गळती करत नाही. आकडा मिळाला तोच लिहिला. मिळाला नाही तिथे वाक्यच काढलं.

१२ ऑक्टोबर – टिपण

पहिला मसुदा लांबला होता. आता चार पानं, मराठीत, एक तक्ता. प्रत्येक मागणीला चार ओळी: कुणाकडे, कोणत्या कलमाखाली, नेमका बदल काय, खर्च किती. सवलतीचं भांडवलात रूपांतर वस्त्रोद्योग आणि ऊर्जा विभागाकडे, प्रत सोलापूरच्या प्रादेशिक उपायुक्त कार्यालयाला. सामाईक छतांची मागणी आयोगाकडे. एकाच पत्रात दोन्ही घातलं तर प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्याचं समजतं.

आयोगासमोर दराची याचिका आली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. हरकत त्या मुदतीत, याचिकेतल्या परिच्छेदाचा क्रमांक देऊन लिहावी, याचिकाकर्त्याला प्रत दिल्याचा पुरावा जोडावा, आणि सुनावणीत बोलायचं असेल तर तसं त्यातच नमूद करावं. मुदत टळल्यावर उत्तम अभ्यासही पुढच्या याचिकेपर्यंत पडून राहतो, म्हणून तक्ता कायम तयार ठेवा आणि सूचना आली की फक्त परिच्छेदांचे क्रमांक भरा.

२७ ऑक्टोबर – मालकांकडे मसुदा वाचला

एक दुरुस्ती महत्त्वाची निघाली. ‘अनुदान’ एवढंच लिहिलं होतं. मालकांनी लगेच विचारलं, आधी की नंतर? संच बसवून पावती लावायची आणि मग पैसे यायची वाट पाहायची असेल तर छोट्या कारखान्याला पूर्ण ५ लाखांचं कर्ज काढावंच लागतं, आणि भाड्याच्या शेडवर ते मिळत नाही. मागणी बदलली: अनुदान थेट कर्जखात्यात, संच कार्यान्वित झाल्याच्या दाखल्यावर. भाडेकरूसाठी छतमालकासोबत संचाच्या परतफेडीइतक्या मुदतीचा नोंदणीकृत करार, त्याचा एक पानी नमुना टिपणाला जोडला.

८ नोव्हेंबर – शिल्लक कामं

दुसऱ्या माहिती अर्जातून आलेली रोहित्रांची यादी तक्त्यात भरणं चालू आहे. भरताना रोहित्राची क्षमता केव्हीएमध्ये आणि जोडलेलं सौर किलोवॉटमध्ये असतं, एकके तपासूनच टक्केवारी काढा. २० ते २५ किलोवॉटच्या पट्ट्यातले कारखाने वेगळे काढायचे आहेत. पायरीवरून ७५ पैशांत गेल्यावर सौरचा हिशेब किती हलतो ते तिथेच कळेल.

तक्ता दुसऱ्या गावात वापरताना आधी तीन खाने बदला: सवलतीचा दर, वेळेनुसार दर, आणि १ किलोवॉटचा स्थानिक खर्च. भिवंडीत वितरण २००७ पासून फ्रँचायझीकडे आहे, तिथे भाराचा तपशील मागणारा अर्ज त्यांच्याच कार्यालयात द्यावा लागेल.